कंपालाला न बोलावलेले लेखक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांचे २८ मे २०२५ रोजी निधन झाले. त्यानंतर मराठीत त्यांच्याविषयी जे लिहून आले, त्यातले हाती लागले तेवढे मी कात्रणांच्या वहीत चिकटवून ठेवले आहे, कारण महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना माझी बरीच वर्षे त्यांच्याच पुस्तकांच्या सोबतीने गेली. ती कात्रणे अलीकडे पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली आणि ती सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे. पण हा विषय मराठीत फारसा आलेला नसल्याने आपण जागा द्यावी, अशी विनंती आहे.

बहुतेक लेखांत न्गुगी यांची कथा एकाच क्रमाने सांगितलेली आहे. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, तेथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर आपल्या गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून सर्जनशील लेखनासाठी इंग्रजी सोडली, असा तो क्रम आहे. यातले काहीही खोटे नाही. मात्र त्यांना तुरुंगात का टाकले, हे एका वाक्यात आटोपले जाते, आणि नेमके तेच या साऱ्याचे मूळ आहे. गावातल्या शेतमजुरांबरोबर आणि कारखान्यातल्या कामगारांबरोबर बसून त्यांनी गिकुयूत एक नाटक उभे केले होते. मातृभाषेकडे जाणारी त्यांची वाट त्या तालमीतून निघाली. तुरुंग पुढचा. ही वाट समजून घ्यायची तर आफ्रिकी लेखक कोठे आणि कसे एकत्र आले, त्यांना कोणी बोलावले, खर्च कोणी केला आणि बाहेर कोण राहिले, हे पाहावे लागते.

जून १९६२ मध्ये युगांडातील कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठ महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. युगांडाच्या स्वातंत्र्याला तेव्हा चार महिने अवकाश होता आणि केनियाच्या स्वातंत्र्याला दीड वर्ष. नायजेरियातून चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, ख्रिस्तोफर ओकिग्बो आणि जे. पी. क्लार्क आले होते. वर्णद्वेषी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले दक्षिण आफ्रिकेचे एझेकिएल म्फाह्लेले, लुईस न्कोसी आणि ब्लोक मोडिसाने आले होते. अमेरिकेतून कवी लँग्स्टन ह्यूज आले होते. पूर्व आफ्रिकेच्या ग्रेस ओगोट आणि रिबेका न्जाऊ या लेखिकाही होत्या. आज या नावांभोवती जे वलय आहे ते बाजूला ठेवून वये पाहिली, तर अचेबे ३१ वर्षांचे होते आणि सोयिंका तिशीच्याही आत होते. एका संपूर्ण खंडाचे आधुनिक साहित्य ज्यांच्या हातून घडायचे होते, ती मंडळी तरुणपणीच एका छपराखाली आली. असा योग साहित्याच्या इतिहासात फार थोड्या वेळा येतो, असे मला मनापासून वाटते.

त्याच महाविद्यालयात शिकणारा २४ वर्षांचा जेम्स न्गुगी नावाचा विद्यार्थी, म्हणजेच पुढचे न्गुगी वा थिओंगो, त्या परिषदेला होता. त्याच्या दोन कथा छापून आल्या होत्या, एक विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात आणि दुसरी ‘ट्रान्झिशन’ या नव्या मासिकात. त्याने आपल्या कादंबरीचे हस्तलिखित धीर करून अचेबे यांच्यापुढे ठेवले. अचेबे यांनी ते वाचले, सूचना केल्या आणि प्रकाशकांपर्यंत पोहोचवले. हाइनमन या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने त्याच वर्षी आफ्रिकी लेखकांची ग्रंथमाला सुरू केली होती आणि अचेबे पुढे १० वर्षे तिचे सल्लागार संपादक राहिले. त्या काळात मालेत १०० पुस्तके निघाली. न्गुगी यांची ‘वीप नॉट, चाइल्ड’ ही कादंबरी १९६४ मध्ये याच मालेत आली. मेळाव्यांवर खर्च का करायचा, असे कोणी विचारले तर मी नेहमी हे उदाहरण देतो. भाषणे विसरली जातात. एका ज्येष्ठाने एका होतकरूचे हस्तलिखित वाचले, हे मात्र उरते.

पण त्या परिषदेच्या नावातच एक अट होती. ती इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद होती. स्वाहिलीतले त्या काळचे सर्वांत मोठे कवी आणि गद्यकार, टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचे) शाबान रॉबर्ट यांना या अटीमुळे तेथे स्थान नव्हते. योरुबा भाषेत १९३८ पासून कादंबऱ्या लिहिणारे आणि नायजेरियात घरोघरी वाचले जाणारे डी. ओ. फागुन्वा यांनाही नव्हते. इंग्रजीत दोन कथा छापून आलेला विद्यार्थी आफ्रिकी लेखक ठरला आणि हे दोघे ठरले नाहीत. पुढे १९८६ मध्ये न्गुगी यांनी आपल्या निबंधांच्या पुस्तकात स्वतःचेच हे उदाहरण पुढे केले आणि त्या विसंगतीचा जाब स्वतःलाही विचारला. मला याहून जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, शाबान रॉबर्ट यांचे निधन त्याच जून १९६२ मध्ये झाले. आफ्रिकी साहित्य म्हणजे काय, या प्रश्नावर कंपालात चर्चा झडल्या त्याच महिन्यात शेजारच्या देशात आफ्रिकी भाषेतला एक थोर कवी गेला. फागुन्वाही पुढच्याच वर्षी गेले. सोयिंका यांनी नंतर, १९६८ मध्ये, फागुन्वांची पहिली कादंबरी योरुबातून इंग्रजीत आणली, ही काहीशी भरपाई म्हणावी लागेल.

या अटीवर बोट ठेवणारा पहिला आवाज नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांचा होता. १९६३ मध्ये ‘ट्रान्झिशन’मध्ये लेख लिहून त्यांनी स्पष्ट बजावले की, युरोपीय भाषांतून लिहिले जाणारे आफ्रिकी साहित्य ही पुढे रस्ता नसलेली गल्ली आहे. त्यावर मोठे वादळ झाले. म्फाह्लेले यांनी उत्तर दिले. अचेबे यांनी काही काळाने आपली बाजू मांडताना म्हटले की, लादली गेलेली असली तरी ही भाषा आता आपल्या हाती आहे आणि तिला आपल्या अनुभवाच्या मापाने वाकवता येईल. मी दोन्ही बाजू अनेकदा शिकवल्या आहेत. अचेबे यांच्या इंग्रजीत त्यांच्या इग्बो मातृभाषेतल्या म्हणी आणि बोलण्याची लय ज्या सहजतेने येते, ती पाहता त्यांचा दावा पोकळ नव्हता, हे मान्य करावेच लागते. तरीही वाली यांचा प्रश्न सुटत नाही, कारण तो लेखकाच्या कौशल्याविषयी नव्हता. ज्यांच्याविषयी लिहायचे त्या माणसांना ते वाचता येईल का, असा तो होता.

आता खर्चाविषयी. मकेरेरेची परिषद कल्चरल फ्रीडम काँग्रेस या संस्थेने नायजेरियातल्या इबादानच्या म्बारी क्लबच्या सहकार्याने भरवली होती. म्बारी हा अचेबे, सोयिंका, ओकिग्बो, म्फाह्लेले आणि जर्मन अभ्यासक उली बायर आदींनी १९६१ मध्ये सुरू केलेला लेखक-कलावंतांचा अड्डा होता. पृथ्वीदेवतेसाठी मातीच्या मूर्ती घडवून त्यांचे घर बांधण्याच्या इग्बो प्रथेवरून त्याचे नाव ठेवलेले होते. कल्चरल फ्रीडम काँग्रेस मात्र पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली मोठी आंतरराष्ट्रीय संस्था होती आणि तिच्यामागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर यंत्रणेचा पैसा आहे, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. या संस्थेची भारतीय शाखा मुंबईत होती. निसिम इझिकेल ज्याचे पहिले संपादक होते ते ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक तिच्याच छत्राखाली निघाले, तेव्हा मुंबईच्या जुन्या वाचकांना हा इतिहास परका वाटू नये. कंपालातले ‘ट्रान्झिशन’, जे तिथेच जन्मलेले भारतीय वंशाचे रजत निओगी यांनी १९६१ मध्ये काढले होते, त्यालाही या संस्थेची मदत मिळाली होती. त्यामुळे निओगी यांची विश्वासार्हता पणाला लागली, आणि १९६८ मध्ये युगांडाच्या सरकारने त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटकेतही ठेवले.

दुसऱ्या बाजूचे चित्र वेगळे नव्हते. १९५८ मध्ये ताश्कंदला भरलेल्या आफ्रो-आशियाई लेखक परिषदेमागे सोव्हिएत संघ उभा होता. या चळवळीची १९७० ची परिषद दिल्लीत झाली, आणि तिचे ‘लोटस’ हे त्रैमासिक कैरोहून अरबी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत निघत असे. न्गुगी यांना १९७३ मध्ये ‘लोटस’ पारितोषिक मिळाले होते. म्हणजे एकाच लेखकाच्या आयुष्यात दोन्ही महासत्तांनी भरवलेले मांडव आले. या पैशाने लेखकांची मते विकत घेतली गेली, असे म्हणणे त्या लेखकांवर अन्याय करणारे होईल. त्यांनी जे लिहिले ते आपल्या बुद्धीने आणि जबाबदारीने लिहिले. पण दूरच्या पैशावर उभा राहिलेला मांडव कोणत्या भाषेत बोलायचे आणि कोणाला बोलवायचे, हे आधीच ठरवून देतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती. कंपालात इंग्रजीची अट उघडपणे होती. ‘लोटस’च्या तीन भाषांत वोलोफ किंवा झुलू अशा आफ्रिकी भाषांना जागा नव्हती.

या पार्श्वभूमीवर कामिरीथू पाहावे. नैरोबीजवळच्या लिमुरू भागातले हे गाव. १९५० च्या दशकात माउ माउ लढा मोडून काढण्यासाठी ब्रिटिशांनी शेतकऱ्यांना विखुरलेल्या घरांतून उठवून एकत्र वसवले, त्या सक्तीच्या वस्त्यांपैकी ते एक होते. न्गुगी तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्य शिकवत होते आणि त्यांचे घर कामिरीथूजवळच होते. १९७६ च्या सुरुवातीला एका रविवारी गावातली एक बाई त्यांच्या दारी आली आणि तुम्ही एवढे शिकला आहात, पुस्तके लिहिता, तर त्यातले थोडे गावाला का देत नाही, असे तिने विचारले. नकार मिळूनही ती पुन्हा पुन्हा येत राहिली. त्यातून गावात आधी प्रौढ साक्षरतेचे वर्ग सुरू झाले आणि मग सांस्कृतिक केंद्र. आफ्रिकी साहित्याच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची कार्यशाळा कोणत्याही संस्थेने आखलेली नव्हती. एका बाईच्या चिकाटीतून ती सुरू झाली, आणि त्या बाईचे नाव मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटलेले नाही.

न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी या दोघांनी ‘न्गाहिका न्देन्दा’ या नाटकाचा कच्चा खर्डा गिकुयूत लिहिला आणि तो गावापुढे ठेवला. नावाचा अर्थ साधारणपणे ‘मला वाटेल तेव्हा लग्न करीन’ असा होतो. पुढचे सगळे खुल्या मैदानात झाले. तालमी पाहायला कोणीही यावे, चुकले तर सांगावे, अशी पद्धत होती. लोकांनी लेखकांची गिकुयू सुधारली: या वयाचा म्हातारा असे बोलणार नाही, या प्रसंगी हा शब्द शोभत नाही, असे सांगून संवाद बदलून घेतले. लग्नविधीतली गीते गावातल्या एका निरक्षर बाईने शब्द न् शब्द सांगितली आणि उच्चशिक्षित लेखकांनी ती उतरवून घेतली. जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकून वहीत लिहिणाऱ्या आपल्याकडच्या संग्राहकांना या प्रसंगाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बाटाच्या बूट कारखान्यातले कामगार, चहाच्या मळ्यातले मजूर, बेकार तरुण असे सारे नट झाले. आपापल्या घामाच्या पैशाने आणि श्रमाने गावकऱ्यांनी सुमारे २,००० प्रेक्षकांचे खुले नाट्यगृह बांधले.

प्रयोग २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाला. लांबून लोक भाड्याच्या गाड्या करून येऊ लागले. १६ नोव्हेंबरला सरकारने परवाना रद्द केला आणि ३१ डिसेंबरला न्गुगी यांना अटक झाली. जवळजवळ वर्षभर ते कामिती तुरुंगात खटल्याविना होते. इंग्रजीत त्यांनी याआधी सरकारवर कमी टीका केली नव्हती. त्याच वर्षी आलेली त्यांची इंग्रजी कादंबरी नव्या सत्ताधाऱ्यांना चांगलीच झोंबणारी होती, आणि तिच्या प्रकाशनाला देशाचे अर्थमंत्री उपस्थित होते. गावाला कळेल अशा भाषेत तेच बोलले गेले, तेव्हा दार ठोठावले गेले. ‘चैतानी मुथराबाइनी’ ही कादंबरी तुरुंगात गिकुयूतून लिहिण्याचा निर्णय त्यानंतरचा आहे, आणि कामिरीथूत भाषेची जी शाळा झाली होती तिच्याशिवाय तो घेता आला नसता, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९८० मध्ये ती आली तेव्हा प्रकाशकाने धीर करून ५,००० प्रती छापल्या. त्या महिनाभरात संपल्या आणि त्याच वर्षी पुन्हा छापाव्या लागल्या. घरी एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे वाचन झाले, मद्यगृहांतही झाले. मार्च १९८२ मध्ये पोलिसांनी कामिरीथूचे नाट्यगृह भुईसपाट केले. न्गुगी यांना त्याच वर्षापासून परदेशात राहावे लागले.

आता आजच्या आफ्रिकेविषयी, कारण गोष्ट तेथे थांबलेली नाही आणि मराठी वाचकाला तीच कमी माहीत आहे. कंपालातच १९९५ मध्ये मेरी कारूरो ओकुरुट या मकेरेरेच्या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फेमराइट’ ही युगांडाच्या लेखिकांची संघटना उभी केली. पुरुषांच्या हातातले प्रकाशनविश्व दाद देत नाही, हे पाहून या बायकांनी स्वतःच छापायला सुरुवात केली. त्यांचे मला सर्वांत भावलेले काम म्हणजे दर सोमवारी संध्याकाळी भरणारे वाचक-लेखकांचे मंडळ. कोणीही नवखा माणूस आपली कथा घेऊन येतो, ती वाचली जाते, जमलेले लोक परखडपणे बोलतात, आणि पुढच्या सोमवारी तो दुरुस्त खर्डा घेऊन परत येतो. ना पाहुणा, ना हार. या संघटनेतून पुढे आलेल्या मोनिका आराक द न्येको यांना २००७ मध्ये ‘जांबुला ट्री’ या कथेसाठी केन पारितोषिक मिळाले, युगांडाच्या लेखकाला मिळालेले पहिलेच. जांबुला म्हणजे आपले जांभूळ. झाड भारतीयांबरोबर तिकडे गेले आणि नावही बरोबर नेले.

हे केन पारितोषिक २००० पासून ब्रिटनमधून दिले जाते आणि त्याच्या वतीने २००३ पासून कार्यशाळाही होते. दहा-बारा लेखकांना एखाद्या आफ्रिकी देशात सुमारे दहा दिवस एकत्र राहायला बोलावतात. प्रत्येकाने तेथे नवी कथा लिहायची, रोज इतरांना वाचून दाखवायची, अनुभवी लेखकांशी बसून दुरुस्त करायची, आणि शेवटी त्या कथांचे पुस्तक निघते. काम म्हणून ही पद्धत उत्तम आहे. तिच्यावरचा आक्षेप मकेरेरेइतकाच जुना आहे: पैसा लंडनचा, भाषा इंग्रजी, आणि कथा कोणत्या चवीची हवी याचा अंदाज लेखक नकळत बांधू लागतो. बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००२ मध्ये हेच पारितोषिक मिळाल्यावर नैरोबीत मित्रांसह ‘क्वानी?’ हे नियतकालिक सुरू केले, हे मला त्यावरचे योग्य उत्तर वाटते. क्वानी म्हणजे नैरोबीच्या रस्त्यावरच्या बोलीत ‘मग काय झाले?’. स्वाहिली आणि इंग्रजी यांची मिसळ असलेली ‘शेंग’ नावाची तीच बोली त्यांनी छापली. त्यांच्या हस्तलिखित स्पर्धेत २०१३ मध्ये जेनिफर नानसुबुगा माकुम्बी यांची ‘किंटू’ ही कादंबरी पहिली आली. बुगांडा या जुन्या राज्याच्या राजवटीपासून आजच्या कंपालापर्यंत एका घराण्याला लागलेल्या शापाची ही कथा ब्रिटनमधल्या प्रकाशकांना फारच आफ्रिकी वाटली होती. नैरोबीत ती आधी छापली गेली, वाचली गेली, आणि त्यानंतर अमेरिकेत व ब्रिटनमध्ये गेली. मार्गाची दिशा उलटली, हे मला पुस्तकाच्या यशाहून महत्त्वाचे वाटते. वाइनाइना २०१९ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी गेले. असा माणूस आणखी वीस वर्षे हवा होता.

भाषेच्या प्रश्नावर जानेवारी २००० मध्ये एरिट्रियाच्या अस्मारा शहरात खंडभरातले लेखक आणि अभ्यासक जमले, तेही एरिट्रिया आणि इथिओपिया यांचे युद्ध मिटलेले नसताना, आणि आफ्रिकी भाषांनीच आफ्रिकेच्या वतीने बोलण्याची जबाबदारी घ्यावी, असे सांगणारा दहा कलमांचा जाहीरनामा त्यांनी काढला. जाहीरनाम्यांवर माझा फारसा भर नाही. सोमालियातून वेगळ्या झालेल्या सोमालीलँडच्या हार्गेसा शहराचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. १९८८ मध्ये स्वतःच्याच देशाच्या सरकारने विमानांतून बाँब टाकून हे शहर उद्ध्वस्त केले. सोमालीला अधिकृत लिपी मिळालीच मुळी १९७२ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही ही कवींची, तोंडपाठ कवितेची भाषा. त्या शहरात २००८ पासून दरवर्षी पुस्तकांचा मेळा भरतो, सोमालीत काव्यवाचन होते, नवी सोमाली पुस्तके येतात आणि बाहेरच्या लेखकांची पुस्तके सोमालीत उतरवली जातात. अलीकडचा आणखी एक प्रयत्न म्हणजे २०१४ मध्ये जाहीर झालेले स्वाहिली हस्तलिखितांचे पारितोषिक. न्गुगी यांचे चिरंजीव मुकोमा हे त्याच्या संस्थापकांपैकी एक आहेत. शाबान रॉबर्ट यांना कंपालात जागा नव्हती. त्यांच्या भाषेतल्या हस्तलिखितांना आता केवळ त्या भाषेत आहेत म्हणून बोलावणे येते. त्यासाठी ५२ वर्षे लागली.

मराठी वाचकांना हे सगळे सांगावेसे वाटण्याचे कारण आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे. पुण्यात १८८५ मध्ये भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून महात्मा जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा फुल्यांनी पत्राने नकार कळवला. जे सर्वांचे माणूस म्हणून असलेले हक्क खुशीने द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. ओबी वाली यांच्या लेखाच्या ७८ वर्षे आधी मेळाव्याच्या दारातच विचारलेला हा प्रश्न आहे. तिकडे भाषेची अट होती, इकडे जातीची होती, एवढा फरक ध्यानात ठेवूनही दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. ज्यांनी तसे वाचले, त्यांना न्गुगी परके वाटले नाहीत.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या एका नवलेखक शिबिराला मार्गदर्शक म्हणून गेलो होतो. तीन दिवसांच्या त्या शिबिरात उद्घाटन, सत्कार, परिसंवाद आणि समारोप यांत अडीच दिवस गेले आणि चाळीसहून अधिक मुला-मुलींनी घरून लिहून आणलेल्या कथा-कविता शेवटच्या दुपारी प्रत्येकी तीन मिनिटांत वाचून घेण्यात आल्या. एका मुलीची कथा ऊसतोडीच्या फडावरची होती आणि तिची भाषा तिच्या आईची होती. तिला प्रमाण मराठीत लिहीत जा, एवढेच व्यासपीठावरून सांगितले गेले. मीही त्याच व्यासपीठावर बसलो होतो आणि वेळ संपल्यामुळे गप्प राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. कामिरीथूत लेखकांची भाषा गावाने सुधारली होती. फेमराइटच्या सोमवारी त्या मुलीला पुढच्या आठवड्यात पुन्हा ये, असे सांगितले गेले असते. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक खोली, ठरलेला वार आणि दर आठवड्याला न चुकता येणारी चार अनुभवी माणसे लागतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते, ही चांगली गोष्ट आहे; त्याच्या जोडीने तालुक्याच्या ग्रंथालयात अशी नियमित मंडळे चालवणाऱ्यांनाही थोडा आधार दिला, तर पुस्तक छापण्याआधीचे जे काम असते ते होऊ लागेल.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अशी आहे. आफ्रिकी लेखकाविषयी मराठीत बातमी येते ती नोबेलच्या दिवशी किंवा निधनाच्या दिवशी. झांझिबारचे अब्दुलरझाक गुरनाह यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले तेव्हाही तसेच झाले. आपल्या रविवार पुरवणीत महिन्यातून एक आफ्रिकी कथा मराठीत द्यावी, आणि निदान काही कथा मूळ स्वाहिलीवरून करून घ्याव्यात. नैरोबी, दारेसलाम आणि कंपाला येथे नोकरी-व्यवसायानिमित्त राहिलेली, बाजारहाट आणि कामकाज स्वाहिलीत करणारी मराठी कुटुंबे आहेत. नैरोबीत तर महाराष्ट्र मंडळही आहे. त्यांच्यापैकी ज्यांना वाचनाची आवड आहे, त्यांनी एखाद्या स्वाहिली जाणकाराबरोबर बसून असे अनुवाद करणे अशक्य नाही. गाडीला गारी, विम्याला बीमा आणि पोळीला चपाती म्हणणाऱ्या भाषेपर्यंत जायला आपल्याला दरवेळी लंडनमार्गे जावे लागू नये. सुरुवात शाबान रॉबर्ट यांच्यापासून करावी, असे सुचवतो.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
सातारा